घरून शिकवणाऱ्यांचा उत्साह इतका का आटतो? (बायकोसाठी विचारतोय)

हिंजवडी_फेज_तीन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी आयटीत आहे, २०२० पासून बहुतेक घरूनच काम करतो, आठवड्यातून दोनदा ऑफिसात तोंड दाखवून येतो. मला तर हे वरदान वाटतं, वाकडचा ट्रॅफिक सुटला यातच सगळं आलं.

बायको गणिताची शिक्षिका, बीएस्सी बीएड. आधी सिंहगड रोडच्या बाजूच्या एका शाळेत आठवी ते दहावीला शिकवायची, मुलगा लहान म्हणून ती नोकरी सोडली आणि आता एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीत घरून शिकवते. संध्याकाळी दुबई मस्कतची मुलं आणि पहाटे अमेरिकेची, तिकडे न्यूयॉर्क बाजूला संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार, आणि मार्चमध्ये ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात तेव्हा हिचा क्लास साडेतीनला. पण बाकी बघायला गेलं तर तास शाळेपेक्षा कमी, पीएमटीचे धक्के नाहीत, पगार वेळेवर. रेटिंग पाचपैकी ४.८ आहे म्हणजे काम पण चांगलंच चाललंय ना?

आणि तरी ही बाई पार विझल्यासारखी झालीये. शाळेत असताना दमून यायची पण जेवताना वर्गातले किस्से संपायचे नाहीत, कोणी काय उत्तर दिलं, कोण कोणाची वही बघून लिहीत होतं. आता लॅपटॉप मिटला की गप्प. परवा म्हणाली मला शिकवताच येत नाही आता. मी म्हटलं अगं ४.८ आहे की तुला, तर उठून आत गेली.

शिक्षक मंडळींना विचारायचंय, घरून काम मला जमतं, मजा येते, मग तिलाच एवढा ताण का? स्वभावाचा प्रश्न आहे की कामाचा?

पेठी_खवचट

तुम्ही मीटिंगमध्ये म्यूट करून कॅमेरा बंद ठेवून भाजी निवडता. त्यांना निवडता येते का ते विचारा आधी.

हिंजवडी_फेज_तीन

भाजी नाही, पण भांडी लावलीयेत :) मुद्दा पोचला. तिला कॅमेरा सक्तीने चालू, मुलांना सक्ती नाही.

भूमितीच्या_बाई

दादा, मी अनुदानित शाळेत नववी दहावीला आहे, मध्यवस्तीतली शाळा, त्यामुळे तुमच्या मिसेससारखं कायमचं घरून नाही पण कोविडमधलं सगळं भोगलंय म्हणून लिहिते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मग 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' असं सुरू झालं. पहिले पंधरा दिवस आम्ही सगळ्याजणी फार उत्साहात, कोण पीपीटी करतंय कोण मोबाईल डब्यांवर उभा करून प्रमेयाचे व्हिडिओ काढतंय. मग हळूहळू काय व्हायला लागलं सांगते. समोर पन्नास चौकोन, त्यात नावाची आद्याक्षरं. 'आवाज येतोय का' विचारलं की दोन जण 'येस मॅम', बाकी शांत. वर्गात कसं असतं, समरूप त्रिकोण शिकवताना तिसऱ्या बाकावरची मुलगी भुवया गोळा करते, मागचा मुलगा पेन फिरवायला लागतो, मला लगेच कळतं की नाही पोचलं, मी उदाहरण बदलते, फळ्यावरची आकृती पुसून दुसरी काढते. हे तासाला वीसदा होतं आणि आपण करतोय हे आपल्यालाही कळत नाही. ऑनलाइनमध्ये हे सगळं गायब. पोर्शन पुरा होतो, कोणाला काय कळलं ते माहीत नाही. तो तास संपल्यावर जी मरगळ यायची ना ती सहा तास उभं राहून शिकवल्याची नव्हती, ती वेगळीच.

अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०२० मध्ये शिक्षकांशी बोलून एक पाहणी केली होती, ८० टक्क्यांहून जास्त शिक्षक म्हणाले होते की ऑनलाइनमध्ये मुलांशी भावनिक नातं टिकवणं अशक्य आहे. आमच्या स्टाफरूममध्ये विचारलं असतं तर शंभर टक्के आले असते.

वरून गृहपाठ व्हॉट्सॅपवर. वह्यांचे फोटो, अर्धे आडवे, अर्धे अंधारात काढलेले, ते बोटाने मोठे करून करून तपासायचे. मानेचं दुखणं तेव्हापासूनचं. रात्री साडेदहाला पालकांचा फोन, मॅडम लिंक चालत नाही. माझ्या मुलीचा क्लास नेमका माझ्याच वेळेला आणि घरात चांगला फोन एकच, मग सासूबाईंच्या जुन्या फोनवर ती आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी, कुकरची शिट्टी झाली की सगळा वर्ग हसायचा (तेवढाच काय तो प्रतिसाद).

४ ऑक्टोबर २०२१ ला शहरात आठवीच्या पुढचे वर्ग सुरू झाले. मास्क, अंतर, अर्धी मुलं, सगळी कटकट होतीच. पण पहिल्या तासाला एकाने विचारलं बाई हे असं का नाही करायचं, आणि मला एकदम हायसं वाटलं. काम तेवढंच, पगार तोच, बीपीची गोळी मात्र चालूच आहे ती जाऊदे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, स्वभाव नाही हो, कामच तसं आहे.

धायरी_फाटा

बाईंशी अर्धी सहमत. मी गेली काही वर्षं पूर्ण वेळ घरूनच शिकवते, विज्ञान आणि गणित, सहावी ते दहावी, आणि मला परत शाळेत जायचं नाहीये म्हणजे नाहीये.

आधी एका विनाअनुदानित शाळेत होते, नाव घेत नाही. कागदावर सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच. तासांच्या मध्ये ऑफ पिरियड मिळाला की प्रॉक्सी, म्हणजे न आलेल्या शिक्षकाचा तास, शनिवारी गॅदरिंगची तयारी, बस ड्युटी, ॲडमिशनच्या सीझनला पालकांना फोन करायचे. शिकवणं हा दिवसातला छोटा भाग होता. तो ताण कोणी मोजत नाही, सगळे म्हणतात ऑनलाइनमुळे शिक्षक दमले, अरे आधी काय फुलं उधळत होते का आमच्यावर.

आता माझी सहा सहा मुलांची बॅच, वर्षभर तीच मुलं, कॅमेरा चालू ठेवायचा हा नियम पहिल्याच दिवशी पालकांसमोर. सुरुवातीला वेबकॅमसमोर पांढरा बोर्ड धरून शिकवायचे, मग पेन टॅबलेट घेतला, आता मुलंही त्याच पानावर लिहितात, कोणाचा हात कुठे अडला ते मला वर्गापेक्षा जास्त चांगलं दिसतं कारण वर्गात चाळीस वह्यांमध्ये एकाच वेळी डोकावता येत नाही. माझं शिकवणं सुधारलंय, हे मी छातीठोकपणे सांगते.

फरक कुठे आहे बघा, माझी मुलं माझी, वेळ मी ठरवते, धडा कसा शिकवायचा ते मी ठरवते. धागाकर्त्यांच्या मिसेसना यातलं काय काय मिळतं ते विचारा. मी पण आधी एका कंपनीत सहा सात महिने काढलेत. दर क्लासला वेगळं मूल, स्लाइड त्यांच्या, वाक्यं सुद्धा त्यांची, हसायचं कधी ते पण लिहून दिलेलं. रेकॉर्डिंग कोणीतरी क्वालिटीवाला तपासणार आणि कळवणार की तुम्ही बाराव्या मिनिटाला शाबासकी दिली नाही. तिथे मी पण विझलेच होते.

पेठी_खवचट

बाराव्या मिनिटाला शाबासकी! आमच्या मास्तरांनी अख्ख्या दहावीत एकदाही दिली नाही.

समुपदेशक_कर्वेनगर

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते, शिक्षक पण येतात बोलायला. वरच्या दोघींच्या प्रतिसादातच उत्तर आहे, मी फक्त त्याला जरा पुस्तकी टाचण जोडते, कंटाळा आला तर पुढे सरका.

बर्नआउटवर, म्हणजे कामाने माणूस पार विझून जातो त्यावर, मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांचं काम गाजलेलं आहे, १९८१ साली त्यांनी आणि सुझन जॅक्सन यांनी त्याची प्रश्नावली काढली, ती आजही वापरतात. त्यात तीन गोष्टी बघतात. एक मनाने रिकामं होणं, दुसरं समोरच्या माणसांबद्दल कोरडेपणा येणं, आणि तिसरं म्हणजे आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. लोक पहिल्यावरच थांबतात, झोप काढ, सुट्टी घे म्हणतात. तुमच्या पत्नी 'मला शिकवता येत नाही' म्हणाल्या ती तिसरी गोष्ट आहे आणि ती झोपेने जात नाही. ४.८ दाखवूनही जात नाही, कारण तो आकडा आठवीच्या मुलाला अपूर्णांक समजला की नाही याचा नाहीये, बाई गोड बोलल्या का, नेट नीट चाललं का, मुलाला मजा आली का याचा आहे. त्यांना ते पक्कं माहीत असणार, म्हणून तर उठून गेल्या.

दुसरं, डेसी आणि रायन म्हणून दोन मानसशास्त्रज्ञ, त्यांचं म्हणणं असं की माणूस आतून काम करतो त्याला तीन गोष्टी लागतात, आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला हे जमतंय ही जाणीव, आणि माणसांशी नातं. धायरीच्या ताईंकडे तिन्ही आहेत, घरी बसून. तुमच्या घरी बहुतेक एकही नाही. म्हणजे प्रश्न घर की शाळा एवढाच नाही.

आणि ते कॅमेऱ्याचं पण खरं आहे. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेनसन यांनी व्हिडिओ कॉलचा थकवा का येतो याची चार कारणं मांडली होती: सतत जवळून डोळ्यांत डोळे, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर, एका जागी जखडून बसणं, आणि जे एरवी सहज कळतं ते खुणांनी मुद्दाम दाखवायला लागणं. शिक्षिकेला तर उलटं पण आहे, तिच्याकडे सगळे बघतात आणि तिला कोणीच दिसत नाही. पोकळ भिंतीवर चेंडू मारत राहायचा आणि तो परत येतच नाही, असं एक सर मला म्हणाले होते.

स्वतःचा चेहरा स्क्रीनवरून लपवायची सोय असते, कॅमेरा चालू राहतो, फक्त आपल्याला आपण दिसत नाही. एवढं आजच करून बघायला सांगा.

हिंजवडी_फेज_तीन

आभार, खूपच उपयोगी. पण एक शंका. आमच्याकडे तर नेहमी सांगतात की घरून काम केल्याने परफॉर्मन्स वाढतो, त्याचा एक प्रसिद्ध अभ्यास पण आहे चीनमधला.

समुपदेशक_कर्वेनगर

निकोलस ब्लूम यांचा, २०१५ ला प्रसिद्ध झालेला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली होती. पण तो कॉल सेंटरच्या लोकांवर होता हो, तिथे कॉल मोजता येतात. त्यातही बराचसा फायदा जास्त मिनिटं काम झाल्याचा होता, सुट्ट्या कमी, मधले ब्रेक कमी. आणि प्रयोग संपल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी परत ऑफिस मागितलं, एकटं वाटतं म्हणून. तो आकडा उचलून शिक्षकांना लावायचा म्हणजे धाडसच. शिक्षकाने तासाला जास्त मिनिटं बोलणं म्हणजे जास्त चांगलं शिकवणं नाही, उलटच असतं बऱ्याचदा.

वेल्ह्याचे_गुरुजी

सगळं वाचलं. शहरातलं शहरात बरोबर आहे, जिल्हा परिषदेचं पण ऐका जरा.

आम्हाला वर्क फ्रॉम होम कधी मिळालंच नाही. माझी शाळा डोंगरात, वाडीवर रेंज यायची ती एका ठराविक टेकाडावर. 'असर' म्हणजे खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी, तिच्या २०२० च्या फोन सर्व्हेत देशाच्या ग्रामीण भागात स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या मुलांचं प्रमाण २०१८ च्या साधारण ३६ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं, पण फोन घरात आहे म्हणजे पोराच्या हातात आहे असं नाही, तो बापाच्या खिशात, बाप कामावर, रात्री आठला परत. मग आम्ही काय केलं तर गाडी काढून वाडीवाडीवर, कुणाच्या ओसरीत पाच पोरं बसवून शिकवायचं. सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका लागायची तेव्हा ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्याकडे बाकीची पोरं बसवायची. शिवाय कोविडच्या ड्युट्या होत्याच, 'माझे कुटुंब माझी जबाबदारी'त घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजलेत लोकांचे. भीती वाटायची, घरी म्हातारे आईवडील. पण खरं सांगू का, उत्साह तेव्हा कमी नाही झाला. पोरं वाट बघायची.

आमचा उत्साह जातो तो वेगळ्या ऑनलाइनने आणि तो अजून चालूच आहे. रात्री नऊ वाजता ग्रुपवर मेसेज, 'अत्यंत तातडीचे, उद्या अकरापर्यंत लिंक भरावी'. मग तीच माहिती दुसऱ्या पोर्टलवर. मग ऑनलाइन प्रशिक्षण, त्याचं प्रमाणपत्र डाउनलोड करून ग्रुपवर टाका. मग वृक्षारोपणाचा फोटो. शाळेत दोन शिक्षक, चार इयत्ता, त्यातला एक कायम मोबाईलमध्ये मान घालून. साहेबांना ऑफिसातून हलायला लागत नाही ही त्यांच्यासाठी रिमोट वर्किंगची सोय आणि तिकडून जे काही सुटतं ते आमच्या घरात येऊन पडतं. तुमच्या वहिनींना तो क्वालिटीवाला, आम्हाला हे.

पेठी_खवचट

गुरुजी, एक लाइक. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क द्या असं खासगी विधेयक आपल्या शेजारच्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलं होतं, २०१८ च्या शेवटी. फ्रान्समध्ये तसा कायदा २०१७ पासून आहे. आपल्याकडे तो पास झाला तरी जीआर रात्री नऊला ग्रुपवरच येईल.

भूमितीच्या_बाई

अगदी! आमच्या मुख्याध्यापकांनी मात्र एक केलं, सात नंतर ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकेल अशी सेटिंग करून टाकली. पालकांच्या ग्रुपवर पण तेच. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, आता कोणाला आठवत पण नाही. फुकटात होणारी गोष्ट आहे.

हिंजवडी_फेज_तीन

धागा बायकोला दाखवला. ती स्वतःच लिहितेय आता, लॅपटॉप तिच्याकडे.

*

नमस्कार, मी ती 'बायको'. भाजीचा प्रतिसाद फार आवडला.

धायरीच्या ताईंनी लिहिलंय ते तंतोतंत. मुलं वाईट नाहीत हो, गोड आहेत, पण मंगळवारी ज्याला ऋण संख्या शिकवल्या तो परत माझ्याकडे येईलच असं नाही, त्याला त्या जमल्या का ते मला कधीच कळत नाही. शाळेत आठवीत कच्चा असलेला मुलगा दहावीत पंचाऐंशी घेऊन पेढे द्यायला यायचा. इथे सगळ्यांचे पेढे कंपनी खाते.

एक मात्र सांगते, सगळ्यांना वाटतंय तसं मला शाळेत परत जायचं नाहीये. मुलगा पहिलीत आहे, बारा वाजता घरी येतो, तेव्हा मी घरी असते ही गोष्ट मला हवी आहे. घरून काम नको असं नाही, हे असं काम नको. पहाटेचे स्लॉट मी या महिन्यापासून बंद करायला सांगितलेत, त्याने पैसे बऱ्यापैकी कमी होतील, ते आम्ही बसून बघितलंय. संध्याकाळचे ठेवलेत तूर्त.

आणि 'मला शिकवता येत नाही' म्हणाले त्याचं कारण वेगळं होतं. त्या दिवशी एका मुलीने विचारलं की ऋण गुणिले ऋण धन का. मला संख्यारेषा काढून नीट दहा मिनिटं सांगायचं होतं, आणि स्लाइड पुढे गेली नाही तर टायमर लाल होतो. मी सांगितलं की नियम आहे, लक्षात ठेव. तिने मला पाच स्टार दिले.

धायरीच्या ताई, तुम्हाला विचारायचंय, स्वतःची बॅच सुरू करताना पहिली मुलं कुठून मिळाली? आणि आमच्याकडे टू बीएचकेत हे हॉलमध्ये कॉलवर ओरडत असतात, त्याचं काय करता?

भूमितीच्या_बाई

पाच स्टार वाचून कसंतरी झालं. बाई, तुम्हाला उत्तम शिकवता येतं.

धायरी_फाटा

अगं सोपं आहे. पहिली चार मुलं सोसायटीतलीच, एप्रिलच्या सुट्टीत 'अपूर्णांकांची भीती घालवा' म्हणून दहा दिवसांचा क्लास घेतला क्लबहाउसमध्ये, समोरासमोर. त्यातूनच ऑनलाइन बॅच झाली आणि पुढची सगळी तोंडी. समोरासमोर ओळख झालेली मुलं स्क्रीनवर पण बोलतात, हा माझा अनुभव आहे, त्यामुळे अजूनही महिन्यातून एक रविवार मी सगळ्यांना प्रत्यक्ष बोलावते. जी बाहेरगावची आहेत त्यांच्याशी आधी अर्धा तास नुसत्या गप्पा, गणित नाही. फी महिन्याच्या सुरुवातीला घ्यायची, शेवटी नाही, यावर अजिबात पाघळू नकोस. आणि कंपनीचं ॲग्रीमेंट नीट वाच, नोकरीत असताना खासगी शिकवणी चालेल का ते त्यात असतं.

नवऱ्यांचं म्हणशील तर त्यांना बेडरूममध्ये पाठव आणि हॉल तू घे, कारण बोर्ड तुला लागतो, त्यांना लागत नाही. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

हिंजवडी_फेज_तीन

बेडरूममध्ये वायफाय येत नाही.

पेठी_खवचट

मग ऑफिसला जा की.